कारखान्याभोवती नवं गाव वसवताना: जमीन कोणाच्या नावावर?

कारखान्यासाठी गाव वसवायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत नकाशा उघडतो आणि शाळा कुठे, बाजार कुठे यावर वाद सुरू होतात. नकाशा पुढेही दुरुस्त करता येतो, पण जमीन एकदा तुकड्या-तुकड्याने वाटली गेली की परत गोळा होत नाही. म्हणून आधी मालकी ठरवा. वाटा तीन आहेत: सगळं कंपनीचं, जमीन विश्वस्त मंडळाची नि घरं भाडेपट्ट्यावर, किंवा प्लॉट पाडून थेट विक्री.

कंपनीची वसाहत सगळ्यांत लवकर उभी राहते. पैसा नि अभियंता एकाच हुकुमाखाली असतात, त्यामुळे कामगार राहायला येण्याआधी नळाला पाणी असतं. आडरानात, जिथे भाड्याने घ्यायलाही घर नाही, तिथे दुसरा इलाजही नसतो. पुढे जमशेदपूर झालेल्या पोलाद-नगरीसाठी जमशेदजी टाटांनी 1902 साली मुलाला लिहिलेल्या पत्रात रुंद रस्ते आणि सावलीची झाडं सांगितली, आणि त्यातलं एकाआड एक झाड लवकर वाढणारं असावं हेही. ही सूचना आजही जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे: भराभर वाढणारं झाड चार-पाच वर्षांत सावली धरतं, शेजारचं सावकाश वाढतं, आणि पहिलं काढायची वेळ येते तेव्हा रस्ता उघडा पडत नाही.

या वाटेतला धोका घराच्या दर्जात नसतो. रोजगार आणि डोक्यावरचं छप्पर एकाच हातात जातं, तिथे तो असतो. अमेरिकेत शिकागोजवळचं पुलमन हे रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीचं गाव 1880 पासून उभं राहिलं. पक्की विटांची घरं, आत नळ, बागा. 1893 च्या मंदीत कंपनीने मजुरी कापली, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. 1894 मध्ये संप झाला, तो देशभरच्या रेल्वेत पसरला, आणि 1898 साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याला न लागणारी मालमत्ता विकायला लावली. हीच वाट घ्यायची असेल तर भाडं मजुरीच्या ठरावीक टक्क्यांना बांधा, म्हणजे मजुरी उतरली की भाडंही उतरेल. नोकरी सुटल्यावर घर सोडायला किमान सहा महिने द्या. निवृत्त होताच घर जाणार हे माहीत असलेला माणूस स्वतःच्या खर्चाने साधी फरशीही बदलत नाही, आणि वीस वर्षांत सगळी दुरुस्ती कंपनीच्या गळ्यात येते.

विश्वस्त मंडळाचा उत्तम दाखला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिलचा. कॅडबरींचा चॉकलेटचा कारखाना तिथे 1879 मध्ये आला, जॉर्ज कॅडबरींनी 1893 मध्ये 120 एकर जमीन घेतली आणि 1900 साली वस्ती विश्वस्तांकडे सोपवली. घराने प्लॉटच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त जागा घ्यायची नाही हा तिथला नियम. आणि घरं फक्त कारखान्याच्या माणसांसाठी नव्हती. माझ्या मते या रचनेचा कणा हाच: शेजारी वेगळ्या धंद्यातला असला की कारखान्याच्या एका वाईट वर्षात अख्खी गल्ली बसत नाही.

अडचण पैशाची. भुईभाडं, म्हणजे घराखालच्या जमिनीचं भाडं, सावकाश येतं, पण रस्ते नि गटारं पहिल्याच वर्षी लागतात. इंग्लंडमध्येच 1903 मध्ये सुरू झालेल्या, जमीन भाडेपट्ट्यावर देणाऱ्या लेचवर्थ या उद्यान-नगरीला सुरुवातीची वर्षं भांडवलाची चणचण भोगावी लागली. म्हणून पहिल्या दहा वर्षांच्या खर्चाची सोय झाल्याशिवाय ट्रस्टचा कागद करू नका. भुईभाड्याची दर दहा वर्षांनी फेरतपासणी पट्ट्यातच लिहा आणि मंडळात कंपनीची माणसं निम्म्याहून कमी ठेवा.

प्लॉट विक्रीने पैसा लगेच मोकळा होतो आणि गाव चालवण्याची डोकेदुखी राहत नाही. पण पडून राहिलेले प्लॉट घात करतात. शंभर प्लॉटच्या गल्लीत तीसच घरं झाली, तरी जलवाहिनी नि दिवे शंभरांपुढून न्यावेच लागतात. तीन वर्षांत बांधकाम नाही तर प्लॉट मूळ किमतीला परत, ही अट खरेदीखतात हवीच.

वाट कुठलीही घ्या, हिशेब तोच. 3,000 नोकऱ्या धरा. त्यातले दोन-तृतीयांश गावात राहिले तर 2,000 कुटुंबं. दुकानदार, शिक्षक, गवंडी, मेकॅनिक यांची आणखी 1,000. घरटी चार माणसं म्हणजे वस्ती 12,000. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी भारतात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, म्हणजे 16.2 लाख लिटर, आणि त्याचं साधारण 80 टक्के, जवळपास 13 लाख लिटर, सांडपाणी होऊन परत येतं. ते शुद्ध करून कारखान्याच्या कूलिंगला वापरता येतं. पण कारखान्याचं रसायनमिश्रित पाणी घरांच्या गटारात कधीच सोडू नका: शुद्धीकरणाच्या टाकीतले जिवाणू मरतात आणि प्रकल्प पुन्हा लयीत यायला आठवडे जातात.

घरं कारखान्याच्या कुठल्या बाजूला हे ठरवताना वाऱ्याच्या वर्षभराच्या सरासरीवर थांबू नका. हिवाळ्यातल्या रात्री आणि पहाटे वारा कुठून येतो ते वेगळं मोजा, कारण तेव्हा थंड हवेचा थर धूर जमिनीलगत दाबून धरतो. कारखान्याच्या वाढीची बाजूही आजच मोकळी ठेवा, नाहीतर दुसरं युनिट शाळेच्या भिंतीला येऊन टेकतं.

निवडीचं म्हणाल तर, साठा संपेल अशा खाणीसाठी कायमचं गाव वसवूच नका. जवळच्या गावातून बस चालवा, फार तर थोडी कंपनीची घरं बांधा. एकच मोठा, दीर्घकाळ चालणारा कारखाना असेल तर विश्वस्त मंडळ. लहान-लहान पन्नास कारखाने असतील तर अटींसह प्लॉट, कारण तिथे कोणा एकाची मालकी चालणारच नाही. आणि या तिन्हींत कंत्राटी कामगार, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया यांची घरं पहिल्या टप्प्याच्या नकाशातच दाखवा. 12,000 च्या हिशेबात ती धरली नाहीत, तर ती कुंपणाला लागून उभी राहतील, नळ आणि गटाराशिवाय.