फोंतोदीची कियांती क्लासिको: पेटी संपत आल्यावर

फोंतोदी हा इटलीच्या टोस्काना प्रांतातला वाइनचा मळा, आणि कियांती क्लासिको ही तिथल्या कियांती भागाच्या नावाने विकली जाणारी त्यांची लाल वाइन. ती सोफ्यावर बसून गप्पा मारत नुसती पिण्याची नाही. समोर ताट वाढलेलं हवं आणि त्यात काहीतरी स्निग्ध हवं, मग ती खुलते. हिवाळ्यात म्युनिकमध्ये २०१९च्या हंगामाची एक पेटी घेतली. तेव्हापासून वेगवेगळ्या जेवणांबरोबर बाटल्या उघडत आलोय आणि हे मत पक्कंच होत गेलंय.

आधी घराण्याबद्दल, कारण चवीचं मूळ तिथे आहे. फ्लोरेन्स आणि सिएनाच्या मधल्या डोंगराळ भागात पांझानो गाव आहे. त्याच्या खालची, दक्षिणेचं ऊन घेणारी खोलगट दरी म्हणजे कोंका दोरो. मानेत्ती कुटुंबाने १९६८ साली इथला मळा घेतला. त्यांचा पिढीजात धंदा फ्लोरेन्सजवळच्या इंप्रुनेता गावच्या भाजक्या मातीचा, आणि आजही त्यांची एक वाइन मातीच्या रांजणात मुरते. शेती सेंद्रिय आहे. पांढरी, थोराड किआनिना गुरं पाळलेली आहेत, त्यांचं शेणखत मळ्यालाच जातं. जमीन गालेस्त्रोची, म्हणजे पापुद्रे सुटणाऱ्या ठिसूळ दगडाची. त्यातून पाण्याचा निचरा चांगला होतो. वर उंचीमुळे रात्री गार पडतात, म्हणून द्राक्ष पिकूनही आंबटपणा टिकतो.

बाटलीत फक्त सांजोवेझे हे एकच द्राक्ष आहे. हे सहज मिळालेलं नाही. १९६७ च्या नियमांनुसार कियांतीत पांढरी द्राक्षं मिसळणं सक्तीचं होतं. मानेत्तींनी १९८१ साली निव्वळ सांजोवेझेची फ्लाच्चानेल्लो नावाची वाइन काढली, तेव्हा तिला कियांती क्लासिको म्हणायची सोय नव्हती. ती मुभा १९९६ मध्ये मिळाली आणि २००६ पासून पांढरी द्राक्षं पूर्ण बंद झाली. बाटलीवरच्या काळ्या कोंबड्यामागे, म्हणजे कियांती क्लासिकोच्या चिन्हामागे, एवढी भांडणं आहेत.

आता चव. बूच काढल्या काढल्या लाकडाचा वास पुढे येतो. तासाभराने तो मागे सरतो आणि आंबट चेरी, व्हायोलेटची फुलं, थोडं चामडं असं एकेक वर येतं. तुरटपणा कडक कोऱ्या चहासारखा हिरड्यांवर बसतो आणि लगेच तोंडाला पाणी सुटतं. पुढचा घास घ्यावासा वाटतो तो याच आंबटपणामुळे. अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला ती जास्त आवडते.

जेवणाबाबत स्पष्टच सांगतो. तांबड्या रश्शाबरोबर ही उघडू नका. तिखटाने तुरटपणा बोचरा होतो, दारूची धग घशाला लागते आणि फळाची चव पार हरवते. गूळ घातलेल्या आमटीबरोबरही नको, गोडामुळे वाइन कडवट लागते. जमलं ते मटणाच्या सुक्याबरोबर. मिरची अगदी बेताची, काळा मसाला आणि खोबरं नेहमीसारखं, मटण चरबीसकट मंद आचेवर शिजवलेलं. चरबी आणि मीठ मिळालं की तुरटपणा मऊ होतो आणि चेरी परत येते. कमी तिखट, शेंगदाण्याचं कूट भरलेली वांगीही छान लागली. टोस्कानातलं पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, तर हक्काचं.

पुण्याला गेलो की अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीची सेत्ते नावाची लाल वाइन घेतो. तिच्यात सांजोवेझेबरोबर काबर्ने सोव्हिन्याँ हे दुसरं द्राक्ष असतं, आणि ती घडवणारे पिएरो मासी टोस्कानाचेच. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे हिवाळा सरताना. सोलापूरच्या उन्हातलं फळ मला जास्त पिकलेलं, भरदार वाटतं, पण आंबटपणाची ती धार पांझानोचीच. तिखट जेवण असेल तर मी सेत्ते उघडीन, तीही जरा गार करून.

कियांतीही उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला पिऊ नका. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून सोळा-सतरा अंशांवर आणली की दारू टोचत नाही. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, बाटली उभी ठेवा आणि शेवटचा घोट सोडून द्या.

मला एक बाटली चाळीस युरोंच्या आतबाहेर पडली. रोजच्या जेवणासाठी हे महाग आहे. पाहुण्यांना मटण करणार असाल तेव्हा एक घ्या, आणि दुपारीच उघडून ठेवा.