महाडीबीटी शिष्यवृत्ती पोर्टल : बीड जिल्ह्यातून केलेले परीक्षण

बारावीनंतर पुढे शिकायचे आहे, परंतु शुल्काची तजवीज घरात होत नाही, अशा विद्यार्थ्यासाठी राज्य शासनाचे महाडीबीटी पोर्टल ही आज सर्वांत महत्त्वाची सेवा आहे. समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, अल्पसंख्याक विकास अशा अनेक विभागांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज तेथे एकाच ठिकाणी भरता येतात. केज, धारूर आणि वडवणी तालुक्यांतील मुलामुलींना हे अर्ज भरण्यास मी काही वर्षांपासून मदत करीत आलो आहे. त्या कामावरून बनलेले माझे मत असे, की या सेवेची मूळ रचना चांगली आहे. मात्र आईवडील, त्यांचा मोबाइल, बँक आणि तहसील कार्यालय हे सर्व अर्जदाराच्या हाताशी असेल, असे तिने गृहीत धरले आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात ते तसे नसते. पाचपैकी साडेतीन गुण मी देतो, आणि ते मनापासून देतो.

आधी पोर्टलच्या चांगल्या बाजूंविषयी. विद्यार्थ्याने आपली वैयक्तिक, उत्पन्नाची आणि शिक्षणाची माहिती एकदा नीट भरली, की तो कोणकोणत्या योजनांस पात्र ठरतो हे पोर्टल स्वतःच दाखवते. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात गेले आहे, तेथे योजनांची नावेच ठाऊक नसतात. त्यामुळे ही एक सोय फार मोलाची आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, हे अनेकांना त्या पडद्यावरच पहिल्यांदा कळते. अर्ज महाविद्यालयातील लिपिकाकडे आहे, प्राचार्यांकडे आहे की जिल्हा कार्यालयात गेला आहे, हेही घरबसल्या पाहता येते.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. प्रवेश जुलै-ऑगस्टपासून होतात, कागदपत्रे जमविण्यात पुढचे महिने जातात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. आईवडील उसाच्या फडावर गेले, की तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणि त्यावरून मिळणारे तहसीलदारांचे उत्पन्न प्रमाणपत्र यांसाठी धावपळ करणारे घरी कोणी उरत नाही. मागे राहतात ती आजी आणि शाळेत जाणारी भावंडे. म्हणून आमच्या भागात माझा पहिला आग्रह असतो, की उत्पन्न, अधिवास आणि जात प्रमाणपत्र यांची कामे बारावीच्या निकालाची वाट न पाहता उन्हाळ्यातच, टोळी गावी परतली असतानाच उरकावीत. उत्पन्नाचे प्रमाणपत्र ३१ मार्चपर्यंत ग्राह्य असते, तेव्हा ते एप्रिलनंतर नव्याने काढलेले बरे. जात वैधता प्रमाणपत्राला तर याहून अधिक अवधी लागतो. त्याचा प्रस्ताव अकरावीतच दाखल करावा.

दुसरी अडचण आधारची आहे, आणि ती वरवर किरकोळ दिसली तरी तीच सर्वाधिक अर्ज अडवते. मुलाचे आधार लहानपणी काढलेले असते, त्याला वडिलांचा मोबाइल क्रमांक जोडलेला असतो, आणि तो क्रमांक एक तर बंद पडलेला असतो किंवा वडिलांसोबत फडावर असतो. अशा वेळी पोर्टलवर ओळख पटविण्यासाठीचा ओटीपी येऊनही हाती लागत नाही. बोटांच्या ठशांवरून ओळख पटविण्याचा पर्याय असला, तरी वयाच्या १५ व्या वर्षानंतरचे सक्तीचे अद्ययावतीकरण केलेले नसेल, तर ठसे जुळत नाहीत. आधार केंद्रावर जाऊन विद्यार्थ्याचा स्वतःचा क्रमांक जोडून घेणे आणि त्याच वेळी ठसे अद्ययावत करणे, एवढे केले तर पुढची निम्मी वाट सुकर होते.

बँक खात्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला यापेक्षा आधारशी शेवटी कोणते खाते जोडले गेले, याला महत्त्व असते; रक्कम त्याच खात्यात जाते. गावात कोणी प्रतिनिधी येतो, सिमकार्डाबरोबर किंवा अन्य कारणाने नवे खाते उघडून देतो, आणि आधारची जोडणी त्या नव्या खात्याकडे सरकली आहे याची विद्यार्थ्याला कल्पनाही नसते. धारूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीची निर्वाह भत्त्याची रक्कम अशाच एका विस्मृतीत गेलेल्या खात्यात जमा झाली होती, आणि ती मात्र आपला अर्ज फेटाळला गेला असे समजून वसतिगृह सोडण्याच्या विचारात होती. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे हे क्षणात दिसते. अर्ज भरण्याआधी ते प्रत्येकाने पाहावेच. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीसाठी, जिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे, हे विशेष महत्त्वाचे आहे. या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के असून तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायची असते. घरात बियाण्याची, दवाखान्याची निकड असताना खात्यात आलेली ही रक्कम बाजूला ठेवणे किती अवघड आहे, हे मी जवळून पाहिले आहे. त्यासाठी मी कोणालाही दोष देणार नाही. पण रक्कम येण्यापूर्वीच घरात याविषयी बोलणे झालेले असावे.

मुलींच्या बाबतीत मात्र अलीकडे मोठा बदल झाला आहे आणि तो गावोगावी पोहोचायला हवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के सवलत मिळते. ‘मुलींचे शिक्षण मोफत झाले’ एवढेच ऐकून अनेक पालक निर्धास्त होतात. व्यवस्थापन कोट्यातील, म्हणजे संस्थेने स्वतः दिलेल्या, प्रवेशाला ही सवलत नाही, आणि पोर्टलवरील अर्ज तरीही भरावाच लागतो.

पोर्टलवरील भाषेबद्दल थोडी नाराजी आहे. मराठीचा पर्याय दिलेला असला, तरी अर्ज परत आल्यावर ‘सेंट बॅक’ एवढे शब्द पाहून विद्यार्थी तो नामंजूर झाला असे समजतो. प्रत्यक्षात त्रुटी दुरुस्त करून तो पुन्हा पाठवायचा असतो, आणि ही दुरुस्ती मुदतीत झाली नाही तरच वर्ष हातचे जाते. तसेच रक्कम मंजूर झाल्यावर काही योजनांत विद्यार्थ्याने स्वतः पोर्टलवर ‘रिडीम’ (रक्कम खात्यात घेण्याची क्रिया) करावे लागते, हे पोर्टलने अधिक ठळकपणे आणि सोप्या मराठीत सांगायला हवे.

सेवा केंद्रांविषयीही लिहायला हवे. तालुक्याच्या ठिकाणी ही केंद्रे आहेत म्हणून हजारो अर्ज भरले जातात, हे मान्य करावेच लागेल. परंतु घाईत केंद्रचालकाचाच मोबाइल क्रमांक नोंदविला जातो, आणि मग त्रुटीचा निरोप विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही. वापरकर्ता नाव आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घेतल्याशिवाय केंद्रातून उठू नये.

शासनाकडून माझी अपेक्षा एकच आहे. अर्ज स्वीकारण्यास प्रवेशाबरोबरच सुरुवात व्हावी आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांची कागदपत्रे टोळ्या निघण्यापूर्वी तपासण्यासाठी महाविद्यालयांतच शिबिरे घ्यावीत. अंबाजोगाई, केज, माजलगाव येथील महाविद्यालयांत हे सहज होऊ शकेल. आणि ज्यांनी पहिल्या वर्षी अर्ज भरला आहे, त्यांनी दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतंत्रपणे भरावा लागतो हे ध्यानात ठेवून मागील वर्षाची गुणपत्रिका हाती येताच महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागात जावे.