बारावीनंतर इंजिनिअरिंग की मूलभूत विज्ञान?

हुशार मुलं संशोधनाकडे वळत नाहीत, ही चिंता जुनी आहे. त्यासाठीच २००६ साली पुणे आणि कोलकात्यात आयसर (बारावीनंतर मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था) सुरू झाल्या. आज त्या सात आहेत. तरी बारावीला चांगले गुण पडले की घरात पहिला प्रश्न येतो तो ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळेल ना?’ हाच. दुसरी वाट नीट पाहिलेलीच नसते.

आधी प्रवेश परीक्षा. इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत आणि गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत सोडवायचे. गणिताला प्रत्येकी २ गुण, बाकीच्यांना १. चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. इथे वेग लागतो. आयसरच्या परीक्षेत तेवढ्याच तीन तासांत फक्त ६० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. इथे अंदाजपंचे महाग पडतं. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजीचे १५-१५ प्रश्न असतात. नेमकी इथेच आपली मुलं अडकतात. अकरावीला आयटी किंवा बायफोकल (व्यावसायिक विषय) घेऊन बायो सोडलेलं असतं आणि २४० पैकी ६० गुण परके होतात. अर्ज करता येतो, पण निदान पेशी आणि आनुवंशिकता हे भाग एनसीईआरटीच्या पुस्तकातून करावेत.

पैशाचा हिशेब मात्र स्पष्ट मांडायला हवा. बी.ई. चार वर्षांची, मग नोकरी. आयसरची बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) पाच वर्षांची आणि पुढे पीएच.डी.ची साधारण पाच. पीएच.डी.त फी भरून शिकणं नसतं: जेआरएफला (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि वर घरभाडं. त्याआधी, बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल तर इन्स्पायर शिष्यवृत्ती: वर्षाला ८०,०००, त्यातले २०,००० प्रकल्पासाठी. ती इंजिनिअरिंगला मिळत नाही. तरीही पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन) करून कायमची जागा मिळेपर्यंत बहुधा तिशी उलटते. घरावर कर्ज असेल आणि बाविसाव्या वर्षी पगार हवाच असेल, तर बी.ई. घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

बी.एस्सी. ‘कुठेच नंबर लागला नाही’ म्हणून घेऊ नका. घ्यायची तर आधी कॉलेजची प्रयोगशाळा पाहा. एका ऑसिलोस्कोपभोवती किती मुलं उभी असतात? तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा, रीडिंग स्वतः घेता की मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवता? उतरवत असतील तर तीन वर्षांनी जॅमला (आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) बसताना पाया कच्चा निघतो. रीडिंग जुळलं नाही म्हणून सर्किट पुन्हा जोडून पाहणाऱ्या मुलासाठी विज्ञानाची वाट खरी आहे, मग त्याचे टक्के थोडे कमी असले तरी.

एक वाट धरली म्हणून दुसरी कायमची बंद होत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे, ते बी.ई.वाल्यांनाही घेतं आणि एम.एस्सी.वाल्यांनाही. बी.ई. करून पुढे फिजिक्समध्ये पीएच.डी. करता येते.

अर्ज मात्र वेगवेगळे भरावे लागतात. आयसरची परीक्षा वेगळी आणि भुवनेश्वरच्या नायसरची, तसंच मुंबईत कालिन्याच्या सीईबीएसची (याही मूलभूत विज्ञानाच्याच संस्था) ‘नेस्ट’ ही परीक्षा वेगळी. सीईटीचा फॉर्म भरला की सगळं झालं असं समजून बसल्याने या दोन्हींची मुदत निघून जाते.