फरकाची रक्कम : आलिशान गाडीच्या अदलाबदलीत मी कसा फसलो

जुनी आलिशान गाडी देऊन तिच्याहून तीन वर्षांनी नवी, पण वापरलेलीच, दुसरी आलिशान गाडी घेण्याचा व्यवहार मी केला आणि विकताना व घेताना, दोन्हीकडे फसलो. यामागे पैसे वाचवण्याचाच विचार होता. कोऱ्या आलिशान गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरते; ही घट पहिल्या मालकाने सोसावी आणि आपण दुसरे मालक व्हावे, हा हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही. चूक त्याच्या पुढे झाली.

माझ्या गाडीला एका ओळखीच्या गृहस्थांनी बरी किंमत देऊ केली होती. मात्र त्यांचे कर्ज मंजूर होईपर्यंत तीन आठवडे थांबावे लागणार होते. ज्या विक्रेत्याकडे मी दुसरी गाडी पाहत होतो, त्याने त्याहून जास्त किंमत सांगितली. जुनी गाडी तिथेच द्यायची, दुसरी तिथूनच न्यायची आणि वरचा फरक तेवढा भरायचा, इतके ते सोपे होते. मी इसार देऊन मोकळा झालो. गाड्यांची देवघेव करण्याच्या दिवशी मात्र त्याचा माणूस टॉर्च घेऊन माझ्या गाडीखाली शिरला आणि अर्ध्या तासाने किंचित तेलगळती, झिजलेल्या ब्रेक डिस्क, एका दाराचे पुन्हा केलेले रंगकाम अशी यादी घेऊन बाहेर आला. यादी खोटी नव्हती, हे मान्य करायला हवे. परंतु त्यातील प्रत्येक गोष्ट पहिल्या भेटीतही दिसतच होती. त्या वेळी ती काढली असती तर मी सरळ उठून त्या गृहस्थांकडे गेलो असतो. इसार अडकल्यावर काढली, म्हणून घासाघीस करत बसलो आणि ठरल्यापेक्षा बराच जास्त फरक भरून आलो.

पुढे कार्यालयातील एका सहकाऱ्याकडून कळले, की माझ्या दोन आठवडे आधी त्याने हीच गाडी पाहिली होती आणि बदल्यात कोणतीही गाडी द्यायची नसल्याने त्याला तिची किंमत पुष्कळ कमी सांगितली गेली होती. म्हणजे माझ्या जुन्या गाडीची ती "जास्त" किंमत घेतलेल्या गाडीच्या किमतीत आधीच चढवलेली होती. दोन स्वतंत्र व्यवहारांची मोट बांधली गेली आणि मी दोन्ही किमती वेगवेगळ्या कागदावर मागण्याऐवजी केवळ फरकाच्या आकड्याकडे पाहत राहिलो. त्या गृहस्थांसाठी तीन आठवडे थांबणे हीच खरी बचत होती.

आता घेतलेल्या गाडीविषयी. ती पाहायला मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा तिचे इंजिन गरम होते. "तुम्ही येणार म्हणून धुऊन, फिरवून आणून ठेवली," असे सांगण्यात आले आणि ते मला सौजन्य वाटले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाहतो, तर गाडीचा मागचा डावा कोपरा खाली बसलेला. चाकावरची कमान आणि टायर यांच्यामध्ये बोटही जाईना. या गाडीला पोलादी स्प्रिंगऐवजी एअर सस्पेन्शन आहे. त्यातील रबरी फुग्याला बारीक चिरा पडल्या, की उभ्या गाडीतली हवा रात्रभरात निघून जाते. गाडी सुरू केली, की कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरतो आणि ती सरळ उभी राहते. हीच कसरत रोज करून शेवटी कॉम्प्रेसरही जळतो, तसा माझाही जळला. मला गाडी कायम गरम का दाखवली गेली, याचा उलगडा तेव्हा झाला. एकदा तरी न सांगता भल्या सकाळी जाऊन बॉनेटवर हात ठेवायला हवा होता.

स्वतंत्र मेकॅनिकने स्कॅनर लावला तेव्हा दुसरी गोष्ट बाहेर आली. मीटरवर ६१ हजार किलोमीटर होते, तर गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये १ लाख ३८ हजारांची नोंद होती. अशा कित्येक गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर युनिटमध्येही राहते आणि मीटर मागे करणारे ती सगळी पुसतातच असे नाही. खुणा तर उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या: स्टिअरिंगचे चामडे कोरे करकरीत, पण ब्रेक पेडलच्या रबरावरच्या रेघा पार पुसलेल्या. टायरच्या बाजूवर कोरलेल्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार अंक तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. ते वाचून सर्व्हिसच्या नोंदींशी ताडायला कोणतेही उपकरण लागत नाही. १७ चिन्हांचा चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले असते, तर जुन्या नोंदीही बहुधा कळल्या असत्या. मेकॅनिकची तपासणी फी मी वाचवली होती. दुरुस्तीच्या बिलाशेजारी ती ठेवून पाहण्याचेही धाडस आता होत नाही. आलिशान गाडी निम्म्या किमतीला मिळते, तिचे सुटे भाग मात्र निम्म्या किमतीला मिळत नाहीत.

वॉरंटीचे आश्वासन तोंडी होते. कागदावर "जशी आहे तशी" हे शब्द होते आणि त्याखाली माझी सही होती. माझी जुनी गाडी मात्र दोन महिने माझ्याच नावावर फिरत राहिली, हे मला दुसऱ्याच कोणीतरी केलेल्या वाहतूक नियमभंगाची दंडाची नोटीस घरी आल्यावर समजले. मालकी बदलाच्या कोऱ्या अर्जावर सही करून मी निर्धास्त झालो होतो.

स्कॅनरचा अहवाल जोडून मी विक्रेत्याला लेखी तक्रार पाठवली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. अत्यंत नम्रपणे त्याने सांगितले, की झाले ते वाईट झाले, ही गाडी तो परत घ्यायला तयार आहे, त्याच्याकडे याहून चांगली एक गाडी नुकतीच आली आहे आणि मला फक्त वरचा फरक भरावा लागेल.