खाऱ्या हवेतला टॉवर कुलर: शिगमो ते दिवाळी

संगणकाचा प्रोसेसर थंड ठेवणारा कुलर: चार हीटपाइप (उष्णता वर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या), १२० मिमीचा फॅन, उंची १५५ मिमी. खाली रायझन ५ ७६०० प्रोसेसर, जागा पणजीचे मिरामार, खिडकी समुद्राकडे. शिगम्याला, मार्चमध्ये बसवला, आता दिवाळी आली.

तापमानाबद्दल तक्रार नाही. खोलीत ३० अंश असताना सगळे कोअर अर्धा तास पूर्ण भारावर चालवले की प्रोसेसर ७३ वर स्थिरावतो. कागदावर ६५ वॉटचा असला तरी हा प्रोसेसर ८८ वॉटपर्यंत खेचतो आणि त्याची मर्यादा ९५ अंश आहे. म्हणजे पुष्कळ वाव उरतो. गोव्यात पारा नागपूरसारखा चढत नाही. इथे कुलरची परीक्षा घेते ते मीठ.

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळू लागते, आणि पावसाळ्यात इथली हवा दिवसचे दिवस त्याहून दमट असते. वाऱ्यावरचे मिठाचे कण धुळीबरोबर फिन्सवर (पाइपांवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर) बसून ओले होतात. मग तांबे आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, आणि झिजते ते ॲल्युमिनियम. या कुलरची रचना नेमकी तिथेच कच्ची आहे. फिन्स पाइपवर नुसत्या दाबून बसवल्या आहेत, सोल्डर नाही, पाइपांवर निकेलचा मुलामाही नाही. ऑगस्टमध्ये सांध्यांभोवती पांढरी पूड दिसू लागली. धूळ साफ करून प्रोसेसर आणि कुलर यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलल्यावरही तापमान मार्चपेक्षा २ अंश जास्तच राहिले. किनारपट्टीत राहणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे मोजून सोल्डर केलेला, पूर्ण मुलाम्याचा कुलर घ्यावा. समुद्रापासून आत, फोंडा-साखळीकडे हा खुशाल चालेल.

तळही मनासारखा नाही. पाइप थेट प्रोसेसरला टेकतात आणि त्यांच्यामध्ये बारीक खाचा आहेत. ७६०० चे गरम होणारे चिपलेट (आतला सिलिकॉनचा छोटा तुकडा) मधोमध नसून एका कोपऱ्याकडे असते, त्यामुळे पलीकडच्या पाइपाला काम कमी मिळते. सपाट तांब्याचा तळ इथे उजवा ठरतो. खाचांमुळे पेस्टही जरा जास्त लागते: आधी खाचा पातळ भरून घ्याव्यात, मग मधे एक आणि चार कोपऱ्यांत चार बारीक ठिपके. स्क्रू समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा देत आवळावेत. एक बाजू आधी घट्ट केली की तळ तिरका बसतो.

फॅन मात्र चांगला, आठ महिन्यांत बेअरिंगचा आवाज नाही. या प्रोसेसरचे तापमान क्षणात १० अंश उडी मारते, म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फॅनला ३ ते ४ सेकंदांचा उशीर द्यावा. नाहीतर तो सारखा वरखाली गुरगुरत राहतो.

पावसाळ्यात एसीपासून सांभाळावे. रात्रभर खोली २३ अंशांवर ठेवून सकाळी खिडकी उघडली की बाहेरची दमट हवा गार फिन्सवर दवासारखी साचते. आधी एसी बंद करावा, पीसी चालू करून धातू कोमट होऊ द्यावा, मगच खिडकी उघडावी. महिन्यातून एकदा फॅन काढून फिन्स मऊ कोरड्या ब्रशने झाडाव्यात. ओले फडके अजिबात नको, त्याने मीठ सांध्यात आणखी आत शिरते.