संगीत शिकायचं तर आधी कम्युनिटी कॉलेज की थेट युनिव्हर्सिटी? कॅलिफोर्नियातल्या घरांसाठी एक तुलना

मैत्रिणीची मुलगी पुढच्या वर्षी हायस्कूल संपवेल. आठ वर्षं व्हायोलिन वाजवते, शनिवारी गाण्याच्या क्लासला जाते, आणि आता म्हणते, कॉलेजात संगीतच घेणार. घरात आधी पोटापाण्याची चर्चा झाली, ती सगळ्यांच्याच घरी होते. ती आटोपल्यावर खरा प्रश्न उरला: दोन वर्षं जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं स्वस्तात शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात) काढून मग ट्रान्सफर घ्यायची, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षाला जायचं, की पहिल्या दिवसापासून युनिव्हर्सिटी किंवा कॉन्झर्व्हेटरी (फक्त संगीतासारख्या कलांची संस्था)? प्रश्न माझ्याकडे आला, कारण वयाच्या 43 व्या वर्षी मी सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन बसले होते. थिअरी, क्वायर (समूहगायन) आणि संगीताचा इतिहास, मिळून पाच सेमिस्टर.

माझं मत आधीच सांगते. गाणं-वाजवणं आणि संगीताचा इतिहास या दोन्ही गोष्टी एकाच विभागात शिकवल्या जातात, पण या प्रश्नाचं उत्तर दोन्हींसाठी वेगळं आहे.

पैशांचा हिशेब सोपा, म्हणून तो आधी उरकू. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (श्रेयांकाला) 46 डॉलर पडतात. सेमिस्टरला 15 युनिटं धरली तर 690, वर्षाला 1380. डी अँझा किंवा फूटहिलसारख्या क्वार्टरवर, म्हणजे तीन-तीन महिन्यांच्या सत्रांवर चालणाऱ्या कॉलेजांत युनिटला 31 डॉलर, हिशेब तोच. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ मुलांना बऱ्याच ठिकाणी राज्याच्या 'प्रॉमिस' फीमाफी योजनेतून पहिली दोन वर्षं हेही माफ होतं. उलट राज्याच्या दोन सरकारी विद्यापीठांपैकी कॅल स्टेटची ट्यूशन वर्षाला 6 हजारांच्या वर, यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) 15 हजारांच्या आसपास, आणि खासगी कॉन्झर्व्हेटरीत 50 हजारांपुढे, राहणं-खाणं वेगळं. लॉस एंजेलिसच्या कोलबर्नमध्ये किंवा फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये ट्यूशन घेतच नाहीत (कर्टिसमध्ये तर 1928 पासून), पण तिथली जागा म्हणजे उंबराचं फूल. मूल एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असेल तर 46 चा दर विसरा, युनिटमागे कितीतरी पट जास्त मोजावे लागतात. एच-4 वर (एच-1बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर 21 व्या वर्षी ते स्टेटस संपतं, हे ध्यानात ठेवून वर्षं मोजा. त्याचं कारण पुढे येतंच.

आता वाजवण्याकडे. व्हायोलिन काय, पियानो काय, आठवड्याचा एकास एक धडा हा त्या शिक्षणाचा कणा. युनिव्हर्सिटीत म्युझिक परफॉर्मन्स घेतलं की तुम्ही एका गुरूच्या स्टुडिओत दाखल होता. दर आठवड्याला तासभर धडा, शिवाय त्याच गुरूच्या सगळ्या शिष्यांनी एकमेकांसमोर वाजवायचा वर्ग, आणि सेमिस्टरअखेर ज्युरी, म्हणजे तीन-चार प्राध्यापकांपुढे परीक्षा. कम्युनिटी कॉलेजातही 'अप्लाइड म्युझिक' नावाचा विषय असतो आणि ज्युरीही असते. फरक असा की पुष्कळ ठिकाणी धडा अर्ध्या तासाचा, जागा मोजक्या, आणि काही कॉलेजांत तर शिक्षक तुमचा तुम्ही शोधायचा. मग बाहेरच्या शिक्षकाची फी त्या 1380 डॉलरांना केव्हाच मागे टाकते. याला एक ठळक अपवाद आहे. 2016 साली ट्रम्पेटवादक हर्ब आल्पर्ट यांच्या फाउंडेशनने लॉस एंजेलिस सिटी कॉलेजला 1 कोटी 1 लाख डॉलर दिले, आणि तिथे संगीत घेणाऱ्या मुलांची ट्यूशन व आठवड्याचा धडा दोन्ही फुकट झाले. दक्षिण कॅलिफोर्नियात राहत असाल तर आधी तिथे चौकशी करा.

पण धड्यापेक्षाही मला मोठी वाटते ती शेजारच्या खुर्चीची गोष्ट. आपल्याकडे गुरूच्या मागे तानपुरा धरून बसणारा शिष्य अर्धी तालीम कानानेच घेतो. ऑर्केस्ट्रातही तसंच: शेजारचा तुमच्याहून बरा वाजवत असेल तर तुम्ही ओढले जाता. माझ्या क्वायरमध्ये डावीकडे 19 वर्षांची मुलगी आणि उजवीकडे निवृत्त पोस्टमन होते. माझ्यासारखीला स्वर्ग! स्वरावरून स्वरावर मी मींड घेत जायचे, तेव्हा त्या पोस्टमनकाकांनी कोपराने ढोसूनच मला सरळ स्वर लावायला शिकवलं. पण जिला पुढे ऑर्केस्ट्राच्या ऑडिशन द्यायच्या आहेत, तिने 18 ते 20 ही दोन वर्षं मिश्र पातळीच्या तंतुवाद्यांत घालवावीत का? व्हायोलिन आणि पियानोसाठी माझं उत्तर नाही असंच आहे. पाश्चात्य गायनाचं तसं नाही. आवाज पक्का व्हायला विशी उलटावी लागते, त्यामुळे दोन वर्षं घराजवळ राहून स्वरलेखन, पियानो, इटालियन-जर्मन उच्चार यांचा पाया घातला तर काही बिघडत नाही.

आणखी एक बारीक नियम आहे, तो कॉलेजात पाऊल टाकल्यावरच कळतो. 2013 पासून कॅलिफोर्नियात एकाच गटातल्या परफॉर्मन्सच्या वर्गांना साधारण चारदाच नाव घालता येतं. ट्रान्सफरसाठी लागणाऱ्या एन्सेम्बलना (समूहाने गाण्या-वाजवण्याच्या वर्गांना) सवलत असते, पण क्वायरमध्ये वर्षानुवर्षं रमणाऱ्यांची गोची होते.

इतिहासाच्या बाबतीत पारडं फिरतं. कम्युनिटी कॉलेजात आधी 'म्युझिक अप्रीसिएशन' असतं, ते कोणीही घ्यावं. त्यानंतर पाश्चात्य संगीताचा इतिहास सहसा दोन भागांत: 1750 पर्यंतचा आणि त्यानंतरचा. 1750 च्या जुलैत जर्मन संगीतकार बाख गेला म्हणून तिथे रेघ ओढलेली. मला ते साल पाठ झालं ते वेगळ्याच कारणाने: त्याच्या सातच महिने आधी, 1749 च्या डिसेंबरात, साताऱ्याला शाहू महाराज गेले. तेव्हापासून बरोक, म्हणजे बाखपर्यंतचा काळ संपला की माझ्या डोक्यात पेशव्यांचं राज्य सुरू होतं. याशिवाय बऱ्याच कॉलेजांत जॅझचा, रॉकचा आणि जगभरच्या संगीताचा इतिहासही मिळतो.

हे वर्ग युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे असतात, आणि एक गोष्ट तर इथेच बरी: शंभर-दोनशे मुलांच्या सभागृहाऐवजी तीस-पस्तीस जणांचा वर्ग, आणि तुमचा निबंध खुद्द शिकवणारेच तपासतात. ऐकण्याच्या परीक्षेत तीस सेकंदांचा तुकडा वाजवतात आणि विचारतात, कोणता काळ, कोणता प्रकार, कोणाचं असावं? राग ओळखायची सवय असलेल्या कानांना हा खेळ आवडतो. पहिल्या परीक्षेत मी मात्र दणकून आपटले. सुरावट लक्षात राहायची, पण खालून बासचा आवाज कुठे चाललाय तिकडे कान जायचाच नाही. आपल्या गाण्यात खाली षड्ज-पंचम स्थिर असतो. इथे तळच सतत सरकत असतो. थिअरीतही तेच. सरगम येणाऱ्या मुलांना 'मूव्हेबल डो' (आपल्या सा सारखा कुठेही सरकणारा डो) पद्धतीचं स्वरवाचन हातचा मळ, पण चार आवाजांची हार्मनी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार स्वरओळी ऐकून लिहायची म्हटली की घाम फुटतो.

खरा इतिहास, म्हणजे हस्तलिखितं, जर्मन-फ्रेंच वाचन, वीस पानी शोधनिबंध, हे तिसऱ्या वर्षापासून पुढचं काम. ते कम्युनिटी कॉलेजात होत नाही आणि तिथे ते अपेक्षितही नसतं. एथ्नोम्युझिकॉलॉजीकडे (निरनिराळ्या समाजांच्या संगीताच्या अभ्यासाकडे) ओढा असेल तर यूसीएलए, आणि हिंदुस्तानी संगीत पदवीतच हवं असेल तर कॅलआर्ट्स, ही नावं डोळ्यांपुढे ठेवून पहिली दोन वर्षं आखावीत. सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांनी 1967 मध्ये बर्कलीत सुरू केलेलं आणि आता सॅन रफाएलमध्ये असलेलं कॉलेज ही तिसरीच गोष्ट. तिथे तालीम आहे, पण नोकरीच्या अर्जात लिहायला पदवी हवी असेल तर ती दुसरीकडून घ्यावी लागते.

आता ट्रान्सफर. कागदावर सोपी दिसते, संगीतात मात्र तिला काटे आहेत. ट्रान्सफरसाठीची असोसिएट (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची) पदवी 60 युनिटांची. ती घेतली की कॅल स्टेटच्या कुठल्यातरी कॅम्पसवर जागेची हमी मिळते. त्यातला 'कुठल्यातरी' हा शब्द जपून वाचा. संगीत विभागाची ऑडिशन वेगळी, तिची हमी कोणी देत नाही. वर थिअरी आणि पियानोची प्लेसमेंट परीक्षा असते. त्यात कमी पडलात तर एक-दोन सेमिस्टर मागे. थिअरीच्या चार पायऱ्या एकीवर एक, आणि लहान कॉलेजांत पहिली पायरी फक्त ऑगस्टमध्ये सुरू होते. चौथ्या पायरीपर्यंत मुलं गळतात, आणि नोंदणी कमी झाली की वर्गच रद्द होतो, माझा झाला. म्हणून दोन वर्षांची तीन होणं अगदी सर्रास, आणि एच-4 वाल्यांनी वर्षं मोजायची ती यासाठी. कोणता विषय कुठे धरला जातो ते 'असिस्ट' या ट्रान्सफरच्या माहितीच्या संकेतस्थळावर कॉलेजागणिक दिसतं. प्रवेशाआधी ते बघा, नंतर बघून रडण्यात अर्थ नाही.

पदवीचं नावही इथे महत्त्वाचं ठरतं. बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये साधारण दोन तृतीयांश अभ्यास संगीताचाच आणि धड्यांच्या पातळ्या चार वर्षांवर पसरलेल्या, त्यामुळे तिसऱ्या वर्षी मध्येच शिरणारा हमखास मागे पडतो. बीए इन म्युझिकमध्ये संगीत तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर. तिथे सामान्य शिक्षणाचे विषय कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात उरकून येणं खरोखर फायद्याचं.

मैत्रिणीच्या मुलीला मी विचारलं, "व्हायोलिन वाजवायचंय की त्याबद्दल लिहायचंय?" ती म्हणाली, "मावशी, दोन्ही." सतरा वर्षांच्या मुलीने दुसरं काय म्हणावं! म्हणून तूर्त एवढंच ठरलंय. नोव्हेंबरअखेर यूसी आणि कॅल स्टेटचे अर्ज भरायचे, दोन ठिकाणी व्हायोलिनची ऑडिशन द्यायची, आणि त्याआधी या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात म्युझिक फंडामेंटल्सचा सहा आठवड्यांचा वर्ग करायचा. हायस्कूलच्या मुलांना बहुतेक कॉलेजांत त्याची फी पडत नाही, शाळेची सही तेवढी लागते. समुपदेशकांची भेट गुरुवारी आहे. तिची आईसुद्धा त्याच संध्याकाळी क्वायरच्या चौकशीला जाणार म्हणते.