स्कार्लेटचं पुढे काय झालं: दोन उत्तरं, आणि एक वेगळंच प्रकरण

भाचीनं 'गॉन विथ द विंड' वनाज ते रामवाडी मेट्रोत येता-जाता संपवलं. हजारावर पानं, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली स्कार्लेट ओ'हारा आणि तिचा नवरा ऱ्हेट बटलर यांची गोष्ट. संपवलं त्या रात्री अकराला तिचा फोन. "मावशी, ऱ्हेट खरंच निघून जातो? आणि पुढे?"

पुढे मार्गारेट मिचेलनं काहीच लिहिलं नाही. पुस्तक १९३६चं, पुलित्झर १९३७चं, आणि १९४९ साली अटलांटात मोटारीची धडक बसून बाई गेल्या. दुसरा भाग लिहायला त्यांनी ठाम नकार दिला होता. पण कॉपीराइट कधीतरी संपणार, मग कुणीही उठून स्कार्लेटला हवं तिथे नेणार, ही धास्ती वारसांना होती. त्यापेक्षा आपणच माणूस नेमावा म्हणून त्यांनी अधिकृत पुढचा भाग लिहून घेतला. तोही एकदा नाही, दोनदा. म्हणून भाचीपुढे आता दोन पुस्तकं आहेत आणि दोन्ही एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

पहिलं अलेक्झांड्रा रिप्लेंचं 'स्कार्लेट', १९९१चं. रिप्ले मूळच्या साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या, अमेरिकेच्या दक्षिण भागाच्या इतिहासावर आधीच कादंबऱ्या लिहिलेल्या. मिचेलचा सूर हाताला लागावा म्हणून त्यांनी मूळ पुस्तकाची पानंच्या पानं हातानं उतरवून काढली होती. समीक्षकांनी पुस्तक धुऊन काढलं, लोकांनी लाखांनी विकत घेतलं. १९९४ साली त्यावर टीव्ही मालिकाही आली.

आमच्या कोथरूडच्या वाचनगटात या पुस्तकावरून सरळ दोन तट आहेत. एक बाजू म्हणते, सुरुवात झकास आहे. स्कार्लेटची नणंद मेलनी, तिच्या अंत्यविधीपासून गोष्ट उचललेली, स्कार्लेटला वाढवणाऱ्या मॅमीचा शेवट वाचताना डोळ्यांत पाणी येतं, चार्ल्सटनमध्ये ऱ्हेटच्या आईच्या घरी स्कार्लेट ठाण मांडून बसते तेव्हा तर ही तीच बया, अशी खात्री पटते. मग ती आयर्लंडला जाते. इथे दुसरी बाजू उसळते. अटलांटा नाही, माहेरचा टारा मळा नाही, तिचं जुनं प्रेम ॲश्ली जवळपास नाही. वडिलांकडचं आयरिश गोत, जमीन, बंडखोर, एक पाद्री चुलतभाऊ. आणि मुख्य म्हणजे स्कार्लेट शहाणी होते. समजूतदार, कष्टाळू, प्रेमळ आई. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "ही सुधारलेली स्कार्लेट मला नकोच आहे. मला ती जुनी भांडखोर परत द्या." मी याच बाजूची. पण आठशेवर पानं मीही दोन आठवड्यांत संपवली, हे कबूल केलं पाहिजे.

दुसरं 'ऱ्हेट बटलर्स पीपल', २००७चं. मधल्या काळात वारसांनी एमा टेनंट यांच्याकडून एक हस्तलिखित लिहून घेतलं आणि नाकारलं, पॅट कॉनरॉयशी बोलणी केली आणि तीही फिसकटली. शेवटी काम गेलं डोनाल्ड मॅकेगकडे. हा व्हर्जिनियात मेंढ्या पाळणारा लेखक, यादवी युद्धावर आधी एक नावाजलेली कादंबरी लिहिलेला. याला सहा वर्षं लागली.

मॅकेगनं रिप्लेंकडे पूर्ण पाठ फिरवली. गोष्ट ऱ्हेटच्या बाजूची: त्याचं बालपण, बापाचा भाताचा मळा, बहीण रोझमेरी, अटलांटातली कुंटणखानेवाली बेल वॉटलिंग. मूळ कादंबरीत ज्या गोष्टी नुसत्या कानावर येतात, त्या इथे घडताना दिसतात. भातखाचरांत पाणी सोडायची-अडवायची जबाबदारी असलेल्या एका गुलामाला ऱ्हेटचा बाप फटक्यांनी मारतो, तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मिचेलच्या कादंबरीत गुलामगिरी म्हणजे घरातली मायेची माणसं. इथे ती कशावर उभी होती ते कळतं. आजच्या वाचकाला मूळ पुस्तक वाचताना जी टोचणी लागते, तिला निदान इथे जागा मिळते.

तक्रारी याच्याही आहेत. माणसं फार, उड्या फार. मूळ पुस्तक ताजं नसेल तर कोण कुणाचा कोण हे शोधत बसावं लागतं. आणि ऱ्हेट फारच सज्जन निघतो. आमच्या गटातला एकुलता एक पुरुष सभासद म्हणाला, त्याच्या प्रत्येक लबाडीमागे चांगलं कारण निघायला लागलं की तो ऱ्हेट राहतच नाही. खरं आहे. म्हणजे रिप्लेंनी तिला सुधारलं, मॅकेगनं त्याला. सवाईत गुरूची चीज गाणाऱ्या शिष्याची गंमत आठवते: हरकती सगळ्या जागच्या जागी, फक्त गुरूचा तो हट्टी बेसावधपणा येत नाही.

तिसरं नाव भाचीच्या मैत्रिणीनं सुचवलं: 'अ‍ॅटलस'. हे प्रकरणच वेगळं. ल्युसिंडा रायली सात बहिणींची मालिका लिहीत होत्या, २०१४ पासून. २०२१ साली कर्करोगानं गेल्या, आणि आठवं, सगळी गाठ सोडवणारं पुस्तक त्यांचा मुलगा हॅरी व्हिटेकर यानं आईच्या टिपणांवरून लिहिलं. ते २०२३ला आलं. इथे वाचक बरेच मऊ झालेले दिसतात. योगायोग जास्त आहेत, पानं जास्त आहेत, पण त्या बहिणींना दत्तक घेणारा पा सॉल्ट खरा कोण हे कळतं आणि आईनं ठरवलेलंच कळतं, हा दिलासा मोठा. तरी आधीची सात वाचल्याशिवाय याला हात लावू नये. वाचली असतील तर तुम्ही विचारायला थांबणारच नाही.

तर भाचीला मी काय सांगितलं? तुला झोप येत नाही ती "पुढे काय" यामुळे असेल, तर रिप्ले घे. चार्ल्सटन संपेपर्यंत मजा आहे, नंतर तुझं नशीब. मूळ पुस्तकच आणखी खोलात समजून घ्यायचं असेल तर मॅकेग, आणि तोही लगेच, नावं डोक्यात आहेत तोवर. मला एकच ठेवायचं असतं तर मी मॅकेग ठेवला असता. विकत घेऊ नकोस, आधी लायब्ररीत बघ. रिप्लेंची जाडजूड पेपरबॅक जुन्या पुस्तकांच्या ढिगातही सापडते.

तिनं अर्थातच रिप्ले उचललं. परवा डेक्कनच्या स्टेशनवरून फोन: "मावशी, ही आयर्लंडला कशाला चाललीये?"